वाती वळेपर्यंत

माझ्या आईला लकवा मारला त्या सकाळी आमच्या शेतात तुरीची सोंगणी चालू होती. अकोला जिल्ह्यातलं आमचं गाव, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. चहाची कपबशी तिच्या उजव्या हातातून निसटली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. कुणी म्हणालं, अंगावरून वारं गेलं. कुणी पारव्याच्या रक्तानं चोळायला सांगितलं. गाडी मिळून अकोल्याला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. मेंदूतल्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवतो. मला ते माहीत असायला हवं होतं.

आईचा जीव वाचला. आठ दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं आणि पुढचे सहा आठवडे तिची मनापासून सेवा केली. तिला उठू दिलं नाही. घास भरवला. कूस बदलायची तर आम्ही दोघे भाऊ तिचे दंड धरून ओढायचो. उजवा हात लोंबकळतो म्हणून तो घडी करून पोटावर ठेवायचो. सहा आठवड्यांनी तो खांदा ती हात लावू देईना, कोपर सरळ होईना आणि मूठ मिटलेलीच राहू लागली. हे सगळं आजारानं केलं असं आम्ही समजत होतो. त्यातलं बरंचसं आमच्या सेवेनं केलेलं होतं. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात, हाताचं सगळं ओझं सांध्याच्या आवरणावर येतं, आणि अशा वेळी दंडाला धरून ओढलं की खांदा खोबणीतून उतरू लागतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

मग एका नातलगाच्या ओळखीनं एक तरुण फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. जेमतेम पंचविशीची मुलगी. तिच्या बॅगेत एक लांब इलॅस्टिक पट्टी होती आणि सांध्याचा कोन मोजायचं प्लास्टिकचं साधन. आम्ही मशीनची वाट बघत होतो. ती खाटेच्या काठावर आईच्या डाव्या अंगाला बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला परत काय करता यायला हवं?"

आम्हाला वाटलं, आई म्हणेल चालायचंय. निदान न्हाणीघरापर्यंत तरी. आईनं बराच वेळ ओठ हलवले आणि एकच शब्द काढला. "वाती."

कापसाच्या मुलखातल्या बाईला वातीचं महत्त्व सांगायला नको. वेचून आणलेल्या कापसातला चांगल्या बोंडांचा कापूस बाजूला काढायचा, सरकी काढायची, पेळू करायचा आणि दुपारच्या निवांत वेळेला वाती वळायच्या. आईनं पन्नास वर्षं हे केलं होतं. त्या मुलीनं वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं: वाती वळणे. त्याखाली तिनं जे लिहिलं ते मी पुढे कितीतरी वेळा वाचलं. वाती वळायला अंगठा आणि तर्जनी जुळली पाहिजे. त्यासाठी मूठ उघडली पाहिजे, मनगट वर उचललं गेलं पाहिजे, खांदा दुखता कामा नये. आणि त्याही आधी माणसाला कुणाचा आधार न घेता ताठ बसता आलं पाहिजे. म्हणजे काम सुरू करायचं ते कमरेपासून.

या पुस्तकाची प्रस्तावना मी लिहावी असं अमरावती-अकोल्यात काम करणाऱ्या काही फिजिओथेरपिस्टांनी मला सांगितलं, तेव्हा मी आधी नकोच म्हटलं होतं. मी त्यांच्या विद्येचा नाही. पण ते म्हणाले, पुस्तक रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे, तेव्हा सुरुवात घरच्यानंच करावी. म्हणून आईपासून सुरुवात केली.

आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक, अशी समजूत पक्की आहे. सरकारी कागदावर तिला भौतिकोपचार म्हणतात, पण बोलताना लोक म्हणतात, "दहा दिवस शेक घेऊन आलो." शेकाची, विजेच्या सौम्य झटक्यांची, ट्रॅक्शनची यंत्रं असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. दुखणं तात्पुरतं खाली येतं, आखडलेला स्नायू सैल होतो. पण तो उपचार दाराची कडी काढण्याइतकाच असतो. आत पाऊल रुग्णानं स्वतः टाकायचं असतं. आणि इथंच अडतं. मी ओपीडीच्या बाहेर बाकावर बसून ऐकलेलं वाक्य सांगतो: "मॅडम, मले मशीन तेवढी लावून द्या, व्यायाम मी घरी करतो." तो व्यायाम घरी बहुतेक वेळा होत नाही. गोळी पोटात जाऊन आपलं काम करते, शस्त्रक्रिया आपण झोपेत असताना होते. पण रुग्णानं रोज घाम गाळल्याशिवाय पुढे सरकतच नाही असा उपचार फिजिओथेरपीचा. म्हणून चांगल्या फिजिओथेरपिस्टचं अर्धं कौशल्य हातात असतं आणि अर्धं समोरच्याला राजी करण्यात.

आईच्या बाबतीत ते राजी करणं मी जवळून पाहिलं. पहिले पंधरा दिवस वातीचा विषयही नव्हता. बसल्या जागेवरून उठायचं आणि परत बसायचं, एवढंच. पाय गुडघ्याच्या थोडे मागे ओढून घ्यायचे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. आपण दिवसातून पन्नासदा उठतो, त्यात इतकी कारागिरी आहे हे मला प्रथमच कळलं. आधी उंच पाटावरून, मग खाटेवरून, मग खुर्चीवरून. दर वेळी उठली की आई डाव्या हातानं भिंतीवर कोळशाची एक रेघ मारायची. आमची ओसरीची भिंत काळी झाली आणि आम्ही ती तशीच राहू दिली. रेघांना कारण होतं. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण त्याच्या आजूबाजूचे आणि पलीकडच्या बाजूचे भाग ते काम शिकू शकतात. शिकतात ते शेकडो, हजारो वेळा तीच हालचाल केल्यावर, आणि तीही अर्थ असलेली हालचाल असेल तर जास्त चांगलं. म्हणून रबरी चेंडू दाबण्यापेक्षा कापूस पिंजणं आईच्या हाताला लवकर कळलं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते, नंतर वेग कमी होतो पण थांबत नाही. आमचे सहा आठवडे त्या वेगाच्या काळातले गेले होते.

लकव्यापेक्षाही अमरावती-अकोला या दोन जिल्ह्यांत फिजिओथेरपिस्टच्या दारात गर्दी असते ती गुडघ्यांची. इथं एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो: वंगण. "गुडघ्यातलं वंगण संपलं" हे वाक्य वऱ्हाडात ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. शब्द बैलगाडीच्या आखावरून आलेला आहे. आखाला वंगण नसलं की चाक घासतं, झिजतं. मग गाडी उभी केलेलीच बरी. एका बाईंनी मला अगदी पटवून सांगितलं होतं: "चालू काहून बाप्पा? चाललं का अजून झिजन ना!" तर्क सरळ आहे, पण गुडघा म्हणजे आख नव्हे. आखाला जीव नसतो. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव कूर्चेत शिरतो-बाहेर पडतो तो तिच्यावर भार येऊन उतरल्यामुळे, म्हणजे हालचालीमुळे. गाडी उभी केली तर आख टिकेल. गुडघा उभा केला तर मांडीचे स्नायू वाळतात, वजन वाढतं, आणि जो धक्का स्नायूनं झेलायचा तो सांध्यावर येतो. म्हणून गुडघेदुखीवर मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि बेतानं चालणं हा वरवरचा सल्ला नसून मुख्य उपचार आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सावकाश सोडायचा. इतकं साधं दिसतं म्हणूनच लोक ते औषध मानत नाहीत.

तसाच दुसरा शब्द, गॅप. "मणक्यात गॅप आली." खरं तर एक्स-रेमध्ये डॉक्टर दाखवतात ते उलटं असतं. दोन मणक्यांमधली गादी वयानं पातळ होते आणि गॅप कमी होते. आणि ती कमी झालेली दिसते अशा कितीतरी माणसांना काहीही दुखत नसतं. शब्द चुकीचा बसला की भीती बसते. फिजिओथेरपिस्टचा बराच वेळ ही भीती काढण्यात जातो, आणि तो वेळ वाया जात नाही असं माझं ठाम मत आहे.

गुडघे आणि कमरा इथं का बिघडतात हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. वेचणीच्या दिवसांत बाया पोटाशी ओटी बांधून सकाळपासून वाकलेल्या असतात. मजुरी किलोवर, म्हणून कमर सरळ करायला कुणी थांबत नाही. ओटी भरत जाते तसं ओझं पुढे ओढतं आणि पाठीचे स्नायू ते मागून धरून ठेवतात. निंदणाला उकिडवं बसणं, गाठोडं डोक्यावर घेऊन बांध ओलांडणं. पुरुषांच्या पाठीवर फवारणीचा सोळा लिटरचा पंप, बहुतेकदा एकाच खांद्यावर लटकवलेला. या पुस्तकातलं शेतकामाचं प्रकरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण "वाकू नका, ओझं उचलू नका" असं सांगून ते मोकळं होत नाही. वाकल्याशिवाय कापूस वेचला जात नाही, हे लिहिणाऱ्यांना माहीत आहे. ते सांगतात: ओटी अर्धी झाली की रिकामी करा, एक पाय पुढे ठेवून वाका, एका तासानं कमरेवर हात ठेवून चार वेळा मागे झुका, पंपाचे दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या. शेतात करता येईल असं सांगितलं तरच ते शेतात होतं.

फिजिओथेरपीची विद्या आपल्याकडे परकी नाही. युरोपात तिचं एक मूळ स्वीडनमध्ये सापडतं. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामाची संस्था काढली, आणि स्वीडिश भाषेत फिजिओथेरपिस्टला अगदी परवापर्यंत जो शब्द होता त्याचा अर्थ होतो आजाऱ्यांना व्यायाम देणारा. म्हणजे ही विद्या आखाड्यातून दवाखान्यात आली. अमरावतीकरांना हे सांगावं लागू नये. अमरावतीतच वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मंडळ स्थापन झालं त्याच १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटलं, आणि हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांना पुन्हा उभं करताना तिकडे हा व्यवसाय वाढला. आपल्याकडे तो आला पोलिओच्या साथीमागून. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ च्या सुमारास देशातलं पहिलं शिक्षण सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं. १९५५ साली फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना झाली. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ज्या आजारानं हा व्यवसाय इथं आणला तो गेला आणि व्यवसायाची गरज मात्र वाढत राहिली.

पण वऱ्हाडात या विद्येचा विचार मनात आला की मला आठवतं ते तपोवन. अमरावतीत विद्यापीठाकडे जाताना लागतं ते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, सगळ्यांचे दाजीसाहेब, होमिओपॅथीचे डॉक्टर. १९४६ साली त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी ही वसाहत उभी केली. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं त्यांच्या हाताला इथं काम मिळालं. कुष्ठरोगात होतं काय ते समजलं की त्या कामाचं मोल कळतं. कोपराच्या मागे जी नस चुकून आपटली की झिणझिण्या येतात, ती सुजते आणि निकामी होते. करंगळी आणि अनामिका वाकतात, पंजा नखीसारखा होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल उचलत नाही, माणूस पाय फेकत चालतो. आणि बधिरपणा. पूर्वी लोकांना वाटायचं की रोगच बोटं खातो. वेल्लोरमध्ये काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती मुख्यतः वेदनाच कळत नसल्यामुळे. चटका कळत नाही, टोचलेलं कळत नाही, जखम चिघळत राहते. त्यांनी हाताची शस्त्रक्रियाही विकसित केली. धडधाकट स्नायूची दोरी काढून निकामी स्नायूच्या जागी जोडायची. पण दोरी जोडली म्हणून बोट चालत नाही. जो स्नायू जन्मभर एक काम करत आला त्याला आता दुसरं काम शिकवायचं असतं, आणि ते शिकवतो फिजिओथेरपिस्ट. शस्त्रक्रियेच्या आधीही आखडलेली बोटं मोकळी करावी लागतात, नाहीतर शल्यविशारदाचा उपयोग नाही. हात पाण्यात भिजवायचा, तेल लावायचं, मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं वाकडी बोटं सरळ करायची. रोज. अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. या भागातल्या कितीतरी लोकांना कुष्ठरोग बरा होतो हे तिथं जाऊन कळलं.

१९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार मिळू लागले आणि कुष्ठरोग वेळेत पकडला तर पंजा वाकण्याआधीच बरा होऊ लागला. तरी जुन्या रुग्णांचे हात आहेतच. तपोवनानं मला शिकवलेली गोष्ट अशी, की तिथं हाताला व्यायाम म्हणून वेगळा दिला जात नव्हता. विणकाम, सुतारी, शेती हेच त्या हाताचं शिक्षण होतं आणि त्याच हातानं माणूस आपली भाकरी कमवत होता. आईच्या वहीत "वाती वळणे" लिहिणाऱ्या मुलीला हा इतिहास ठाऊक होता की नाही, मी विचारलं नाही. ती त्याच वाटेनं चालली होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात सगळ्यांत आधी जाणवली ती अमरावतीत. २२ तारखेपासून शहर पुन्हा बंद झालं, अकोल्यातही निर्बंध आले. त्या दिवसांत पीपीई किट घालून रुग्णाला पालथं झोपवणारे, छातीतला कफ सुटावा म्हणून कूस बदलवणारे, तीन गोट्यांच्या यंत्रात श्वास ओढायला लावणारे फिजिओथेरपिस्ट होते. पालथं झोपल्यानं फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होतो आणि ऑक्सिजन वाढतो, हे तेव्हा घराघरांत कळलं. करवून घेणारी माणसं कोण होती हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

अडचणी लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. पहिली अडचण अंतराची. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदवला गेला. त्या रस्त्यावर आमच्या पिढीनं वर्षानुवर्षं कमरा मोडून घेतल्या, त्यामुळे आनंद खराच आहे. पण धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बाईला, मान न धरणारं मूल कडेवर घेऊन, घाट उतरून अमरावतीला यायला अर्धा दिवस जातोच. असं मूल सेरेब्रल पाल्सीचं असेल तर पहिली दोन वर्षं सगळ्यांत महत्त्वाची. मेंदू तेव्हा सर्वांत वेगानं शिकत असतो. बहुतेक मुलं दाखवली जातात ती चालायचं वय उलटून गेल्यावर. दुसरी अडचण रोजाची. मजुरी करणारा माणूस दहा दिवस येऊन बसला तर दहा रोज बुडतात. म्हणून समजूतदार फिजिओथेरपिस्ट दोनदा बोलावतो आणि बाकीचं एका कागदावर चित्रं काढून देतो. या पुस्तकाचा जन्म अशाच कागदांतून झाला. तिसरी अडचण नावाची. चार वर्षांचा अभ्यासक्रम करून, वर सहा महिने रुग्णालयात राबून बाहेर पडलेल्या मुलीला लोक मालिशवाली म्हणतात, आणि दुसरीकडे चार आठवड्यांचा कोर्स केलेला कुणीही पाटी लावतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी परिषद आहे, २०२१ साली केंद्रानंही या क्षेत्रांसाठी कायदा केला. दवाखान्यात गेल्यावर नोंदणी विचारायला लाजू नये. चुकीच्या हातानं दाबलेली मान परत बसवता येत नाही.

आणि अतिरेक दुसऱ्या बाजूनंही होतो, तेही सांगतो. प्रत्येक दुखणं व्यायामानं बरं होत नाही. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, लघवीवरचा ताबा जाणं, ताप आणि वजन घटणं, पायातली ताकद झपाट्यानं जाणं या खुणा दिसल्या तर चांगला फिजिओथेरपिस्ट स्वतःच हात मागे घेतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. पुढच्या पानांत अशा खुणा चौकटीत दिल्या आहेत. त्या वगळून वाचू नका.

आई नवव्या महिन्यात एसटीची पायरी चढली. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी अधू पाय. हे वाक्य ती आजही पुटपुटते. उजवा खांदा पूर्ण वर जात नाही आणि जाणारही नाही. पहिली वात तिनं वळली ती चौदाव्या महिन्यात, जाड, एका टोकाला सुटलेली. दिव्यात ती नीट उभी राहिली नाही. तिनं ती काढली, कापूस परत पिंजला आणि पुन्हा वळायला बसली, तेव्हा फिजिओथेरपीची मुलगी तिथं नव्हतीच. तिचं येणं दोन महिन्यांपूर्वीच थांबलं होतं. भिंतीवरच्या रेघा मात्र अजून वाढत होत्या.

तुमच्या घरी कुणी गेल्या आठ-पंधरा दिवसांत अंथरुणाला खिळलं असेल तर ही प्रस्तावना इथंच मिटवा आणि तिसरं प्रकरण उघडा, खाटेवर कूस बदलण्याचं. दर दोन तासांनी बदला. अधू हाताखाली उशी ठेवा. दंड धरून ओढू नका.